ठिपका कुणाचा?

रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. समजा, भातावर काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने सहा वर्षांची तालुकावार माहिती गोळा केली. आडव्या अक्षावर पावसाळ्यातला पाऊस, उभ्या अक्षावर भाताचे हेक्टरी उत्पादन आणि प्रत्येक वर्षासाठी एक स्वतंत्र खण, अशी मांडणी त्याने केली. कुठला ठिपका कुठल्या तालुक्याचा हे कळावे म्हणून प्रत्येक तालुक्याला वेगळी खूण द्यायला त्याने संगणकाला सांगितले. आलेख तयार झाला, नीटनेटका दिसला आणि प्रबंधात गेलाही. पण त्यात तालुके सहाच होते.

'आर' या संगणकभाषेतले 'जीजीप्लॉट-२' हे साधन स्वतःहून फक्त सहा खुणा वाटते. सहापेक्षा जास्त खुणा डोळ्याला वेगळ्या ओळखणे अवघड जाते, हे त्याचे कारण आणि ते योग्यही आहे. सातव्या, आठव्या आणि नवव्या गटाचे ठिपके मग काढलेच जात नाहीत. सूचीत त्यांची नावे राहतात, नावापुढची जागा रिकामी असते. इशारा येतो तो आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत. आलेखावर त्याचा मागमूस नसतो. नावे रोमन लिपीत असतील तर खुणा वर्णानुक्रमाने चिपळूण, दापोली, गुहागर, खेड, लांजा आणि मंडणगड यांना मिळतात. गळतात ते राजापूर, रत्नागिरी आणि संगमेश्वर. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या आलेखातून रत्नागिरीच नाहीशी होते. नावे देवनागरीत लिहिली तर क्रम बदलतो, रत्नागिरी वाचते आणि तिच्याऐवजी लांजा बाहेर पडतो. कुठला तालुका वाचकाला दिसणार हे शेतातल्या भाताने ठरवले नाही, पावसानेही ठरवले नाही. ते बाराखडीने ठरवले.

अनेक खणांच्या आलेखात ठिपक्यांचे रंग आणि खुणा कशा ठरवाव्यात, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. आलेख 'चांगला दिसावा' म्हणून शेवटच्या दिवशी करायचे काम, असे त्याच्याकडे पाहिले जाते. या लेखात या प्रश्नाचा सगळा पट एकत्र पाहायचा आहे: तो कुठून आला, डोळा काय ओळखतो, साधने काय करतात आणि आपल्याकडच्या माहितीसाठी काय योग्य ठरते. माझे म्हणणे एकच आहे. रंग आणि खूण ही ठिपक्याची सजावट नव्हे, ते त्याचे नाव आहे. ते ज्या काळजीने लिहायला हवे, त्या काळजीने आपण ते लिहीत नाही.

खणांची कल्पना

ठिपक्यांचा आलेख दोन राशींमधले नाते दाखवतो. १८३३ साली जॉन हर्शेल याने जोडताऱ्यांच्या अभ्यासासाठी अशी मांडणी केली, ती या प्रकाराची सुरुवात मानली जाते. पुढे फ्रान्सिस गॉल्टनने आनुवंशिकतेच्या अभ्यासात तिचा उपयोग केला आणि सहसंबंधाची कल्पना त्यातून आकाराला आली. पण दोन अक्ष दोनच राशी सांगतात. तिसरी बाब, म्हणजे जात, लिंग, गाव, वर्ष, महिना, कुठे दाखवायची?

याची दोन उत्तरे आहेत. एक तर त्याच चौकटीत ठिपक्यांना रंग किंवा खुणा द्यायच्या, नाहीतर चौकटच अनेक खणांत वाटायची आणि प्रत्येक खणात एका गटाचे ठिपके ठेवायचे. फ्रेंच नकाशाकार जाक बेर्तें याने १९६७ सालच्या ग्रंथात दृश्य खुणांची पद्धतशीर मांडणी केली: स्थान, आकारमान, गडदपणा, पोत, रंग, दिशा आणि आकृती. त्याचा मुद्दा आजही उपयोगी आहे. रंग आणि आकृती 'हा वेगळा, तो वेगळा' एवढे चांगले सांगतात, 'हा जास्त, तो कमी' हे सांगायला त्या कमकुवत आहेत. एडवर्ड टफ्टी यांनी १९८० च्या दशकात छोट्या-छोट्या सारख्या आलेखांची रांग लावण्याचा पुरस्कार केला. त्याच काळात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी माणसे आलेख किती अचूक वाचतात याचे प्रयोग केले. १९८४ साली त्यांनी दाखवले, की एकाच मापपट्टीवरचे स्थान डोळा सर्वात अचूक वाचतो, आणि रंगावरून प्रमाण वाचणे सर्वात अवघड जाते. म्हणून मोजमाप अक्षांवर ठेवावे आणि रंगाकडे फक्त ओळखीचे काम द्यावे.

बेल प्रयोगशाळेतच पुढे 'ट्रेलिस' नावाची खणांची पद्धत उभी राहिली. 'आर'मध्ये ती 'लॅटिस' या नावाने आणली दीपायन सरकार यांनी. ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहेत, आणि या साधनावरचे त्यांचे पुस्तक २००८ साली प्रसिद्ध झाले. आज जगभर जिथे 'आर' बसवले जाते तिथे बहुधा 'लॅटिस'ही आपोआप येते.

जवाची गोष्ट

रंग आणि खुणा एवढ्या महत्त्वाच्या का, हे एका शेतीच्या प्रयोगातून नीट कळते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९३१ आणि १९३२ साली सहा ठिकाणी जवाच्या दहा जातींची लागवड झाली. एकूण १२० नोंदी. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी आपल्या पुस्तकात ही माहिती वापरली आणि अनेक दशके सांख्यिकीचे विद्यार्थी ती सोडवत राहिले. क्लीव्हलंड यांनी ती खणांत मांडली: प्रत्येक ठिकाणाला एक खण, प्रत्येक जातीला एक ओळ आणि दोन वर्षांना दोन वेगळ्या खुणा. पाच खणांत १९३१ ची खूण उजवीकडे, म्हणजे जास्त उत्पादनाकडे होती. मॉरिस या एकाच ठिकाणी ती उलटी होती. त्या ठिकाणी दोन वर्षांची अदलाबदल झाली असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

गोष्ट इथे संपत नाही. २०१३ साली केविन राइट यांनी जुन्या नोंदी आणि हवामान तपासून दाखवले, की मॉरिसचा उलटा कल स्थानिक कारणांनीही येऊ शकतो आणि तिथे चूक झालीच असे म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट मात्र एकच: ती विसंगती दिसली ती वर्षाची खूण सहाही खणांत एकच राहिल्यामुळे. दर खणात खुणा बदलल्या असत्या तर मॉरिस कधीच वेगळे दिसले नसते. प्रयोगशेतातल्या नोंदी सांभाळणाऱ्या आपल्या कृषी विद्यापीठांनी ही गोष्ट पहिल्या वर्षालाच शिकवावी.

बांगडा, जाळे आणि महिने

रत्नागिरीत या प्रश्नाची सर्वात जिवंत जागा समुद्राशी आहे. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे ते घटक. मासळीवरच्या संशोधनात एक मोजणी जवळजवळ सगळ्यांना करावी लागते, ती लांबी आणि वजन यांच्या नात्याची. वजन हे लांबीच्या साधारण तिसऱ्या घाताप्रमाणे वाढते. घातांक बरोबर तीन आला तर मासा वाढताना आपली ठेवण राखतो, तीनपेक्षा जास्त आला तर तो लांबीच्या मानाने भरत जातो. दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेतले की ठिपके एका सरळ रेषेभोवती जमतात. या विषयातला ल क्रेन यांचा १९५१ चा लेख आजही उल्लेखला जातो.

आता मिरकरवाडा बंदरावर उतरलेल्या बांगड्यांची अशी माहिती मांडायची आहे, असे धरू. तिथे एकाच वेळी अनेक प्रश्न असतात: नर की मादी, अंडी धरलेली की नाही, कुठल्या महिन्यातली, कुठल्या जाळ्यातली. हे सगळे एकाच चौकटीत रंग, खूण, आकारमान आणि गडदपणा यांनी सांगायचा मोह होतो. तो टाळावा. १९८० साली अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले आहे, की नुसता रंग किंवा नुसती आकृती वेगळी असेल तर ती क्षणात उठून दिसते. पण 'लाल आणि चौकोनी' अशी जोडी शोधायची झाली तर डोळ्याला एकेक ठिपका तपासावा लागतो. रंगाला एक अर्थ आणि आकृतीला दुसरा अर्थ दिला की वाचकावर हेच काम पडते.

म्हणून वाटणी अशी करता येते. महिना खणांना द्यावा, कारण महिन्यांना क्रम असतो आणि खणही क्रमाने लावता येतात. ज्या एका गोष्टीची तुलना करायची, तिला रंग आणि खूण दोन्ही द्यावेत. प्रश्न नर-मादीचा असेल तर नर निळे वर्तुळ, मादी नारिंगी त्रिकोण. प्रश्न जाळ्याचा असेल तर पर्ससीन, ट्रॉल आणि गिलनेट यांना तीन वेगळे रंग आणि खुणा. गिलनेटच्या आसाच्या मापामुळे ठरावीक आकाराचेच मासे अडकतात, म्हणून त्याचे ठिपके रेषेच्या एका भागात गोळा होण्याचा संभव असतो. जाळ्याची खूण नसेल तर वाचक त्याचा अर्थ माशाच्या वाढीशी लावून मोकळा होईल. ठिपक्याचे नाव न सांगणे म्हणजे अर्धा निष्कर्ष लपवणे.

आणखी एक गोष्ट आपल्या किनाऱ्याची. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या महिन्यांच्या नोंदी नसतात, आणि साधने रिकामे खण बहुधा गाळून टाकतात. मग मेच्या शेजारी थेट ऑगस्ट येऊन बसतो. पाहणाऱ्याला वाटते, महिने सलग चालले आहेत. जून-जुलैचे दोन खण रिकामेच, पण आपल्या जागी ठेवावेत. बंदी हीसुद्धा माहिती आहे.

साधने कशी विचार करतात

'लॅटिस'मध्ये सर्वाधिक लोक अडकतात ती जागा अशी. आपण माहितीच्या प्रत्येक ओळीसाठी एक रंग ठरवून त्यांची यादी देतो. एकाच चौकटीच्या आलेखात ते बरोबर चालते. पण खण पडले, की प्रत्येक खणाकडे त्याचे ठिपके तेवढे जातात, रंगांची यादी मात्र पूर्ण जाते. प्रत्येक खण ती यादी पहिल्या रंगापासून वाचू लागतो. पहिल्या खणातले रंग कदाचित बरोबर येतात, पुढच्या खणांत ते भलत्याच ठिपक्यांना चिकटतात. कुठलीही चूक दाखवली जात नाही. उपाय दोन आहेत. गटाचे नाव 'ग्रुप्स' म्हणून सांगावे, म्हणजे साधन स्वतः प्रत्येक खणात योग्य रंग लावते. किंवा खण काढणाऱ्या फंक्शनमध्ये 'सबस्क्रिप्ट्स' मागून घ्यावे. या खणात मूळ माहितीतल्या कितव्या ओळी आल्या आहेत हे त्यातून कळते आणि रंगांच्या यादीतले तेवढेच रंग उचलता येतात. पहिला उपाय नेहमीसाठी, दुसरा खास कामासाठी.

'लॅटिस'च्या गटांसाठीच्या मूळ संचात सात रंग असतात आणि खूण सगळ्यांना एकच, पोकळ वर्तुळ. नऊ तालुके दिले तर रोमन क्रमातला आठवा, म्हणजे रत्नागिरी, चिपळूणचा रंग घेतो आणि नववा संगमेश्वर दापोलीचा. 'जीजीप्लॉट-२' तालुके गाळते, 'लॅटिस' त्यांना तोतये बनवते. दोन्हीतले वाईट कुठले? माझ्या मते दुसरे. रिकामी जागा निदान खटकते, चुकीचे नाव खटकत नाही. रंग आणि खुणांचा संच बदलायचा तर तो 'सुपरपोझ सिम्बॉल' या सेटिंगमध्ये बदलावा. तिथे बदलला तर ठिपके आणि सूची दोन्ही एकाच वेळी बदलतात. नुसते ठिपके रंगवले तर सूची जुनेच रंग सांगत राहते.

'जीजीप्लॉट-२' वेगळ्या विचाराने चालते. लेलंड विल्किन्सन यांच्या १९९९ च्या ग्रंथात आलेखाचे व्याकरण मांडले होते. हॅडली विकहॅम यांनी त्यावरून हे साधन बांधले. त्यात रंग हा स्तंभाशी बांधला जातो, त्यामुळे खणांत तो विस्कटत नाही. इथली चूक निराळी. 'निळा' हा रंग बांधणीच्या आत लिहिला तर साधन त्याला गटाचे नाव समजते, ठिपके गुलाबीसर येतात आणि सूचीत 'निळा' असे छापले जाते. दुसरी अडचण अशी, की रंग उपस्थित गटांवरून वाटले जातात. प्रबंधाच्या एका पानावर तीन जाती, दुसऱ्या पानावर त्यातल्या दोनच, असे झाले की रंग सरकतात. यावर एकच पक्का उपाय: रंगांची आणि खुणांची नावानिशी यादी करावी. राजापूर म्हणजे हा रंग, ही खूण. ती यादी एकदा लिहून सगळ्या आलेखांना तीच द्यावी.

पायथन या संगणकभाषेत 'मॅटप्लॉटलिब' हे साधन एका आज्ञेत एकच आकृती काढते, म्हणून गटागणिक वेगळी आज्ञा द्यावी लागते. 'सीबॉर्न' हे काम सोपे करते, रंग, खूण आणि खण तिन्ही स्तंभांची नावे देऊन सांगता येतात. 'एक्सेल'मध्ये खणांची सोय नाही. आलेख हाताने शेजारी मांडावे लागतात आणि प्रत्येकाची मापपट्टी ते स्वतंत्र ठरवते. म्हणून सर्व आलेखांचे किमान आणि कमाल आकडे हाताने सारखे करावेत. मापपट्ट्या सारख्या नसतील तर खण शेजारी ठेवण्याला अर्थ उरत नाही.

रंग कोणते

रंगांचे तीन प्रकार मानावेत, आणि सिंथिया ब्रूअर यांच्या नकाशांच्या रंगसंचांनी ही वाटणी रूढ केली. जाती, तालुके, जाळी अशा क्रम नसलेल्या गटांना एकमेकांपासून सुटे रंग हवेत. पाऊस, खोली, क्षारता अशा वाढत जाणाऱ्या गोष्टींना फिक्याकडून गडदकडे जाणारा रंग हवा. सरासरीपेक्षा कमी-जास्त दाखवायचे तर मध्ये फिका आणि दोन टोकांना दोन रंग. इंद्रधनुष्यी पट्टा टाळावा, कारण त्यातला पिवळा विनाकारण उठून दिसतो. 'मॅटप्लॉटलिब'ने २०१७ मध्ये तो सोडून 'व्हिरिडिस' हा एकसारखा वाढणारा पट्टा मूळ म्हणून घेतला.

लाल-हिरवा ही जोडी आपल्याकडे सहज वापरली जाते: रोगट लाल, निरोगी हिरवे. पण लाल-हिरव्याचे अंधत्व असलेल्या माणसांना हे दोन्ही सारखेच दिसतात. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे ते पुरुषांत बरेच जास्त आढळते, युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के. जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी अशा लोकांनाही वेगळे दिसतील असे आठ रंग सुचवले. 'आर'मध्ये ते तयार मिळतात.

यापेक्षाही जवळचा प्रश्न झेरॉक्सचा आहे. प्रबंध रंगीत छापला जातो, पण पुढच्या वर्गापर्यंत तो काळ्या-पांढऱ्या प्रतीतून पोचतो. 'जीजीप्लॉट-२'चे मूळ रंग सारख्याच उजळपणाचे असतात, त्यामुळे झेरॉक्समध्ये सगळे जवळपास एकाच राखाडी छटेचे होतात. म्हणून रंग आणि खूण यांना एकच अर्थ द्यावा. रंग गेला तरी खूण नाव सांगते. आलेख पक्का करण्यापूर्वी त्याची एक काळी-पांढरी प्रत काढून पाहावी. याहून स्वस्त तपासणी नाही.

खुणांबाबत थोडक्यात. 'आर'मध्ये ० ते २५ क्रमांकांच्या आकृत्या आहेत, त्यातल्या २१ ते २५ या पाचांना कडेचा आणि आतला रंग वेगळा देता येतो. ठिपके दाटले असतील तर पोकळ वर्तुळे बरी, एकमेकांवर आली तरी मोजता येतात. भरीव ठिपके वापरायचे तर थोडे पारदर्शक करावेत. वर्तुळ, त्रिकोण, अधिक चिन्ह या तीन आकृत्या लांबून वेगळ्या कळतात. चौकोन आणि तिरपा चौकोन लहान आकारात एकच वाटतात.

नऊ तालुक्यांचे काय

आता सुरुवातीच्या आलेखाकडे परत येऊ. तिथे खरी चूक खुणांच्या संख्येची नव्हती. नऊ रंग हाताने नेमून दिले असते तरी वाचकाची नजर सूचीकडे आणि ठिपक्याकडे हेलपाटे घालत राहिली असती. नऊ तालुक्यांना नऊ खण द्यावेत, आणि ते बाराखडीने नव्हे तर उत्तरेकडून दक्षिणेकडे: मंडणगड, दापोली, खेडपासून लांजा, राजापूरपर्यंत. 'लॅटिस' पहिला खण डावीकडे खाली ठेवते. तो क्रम वरून सुरू करायची सोय 'अ‍ॅज टेबल' या पर्यायात आहे. ती वापरली नाही तर मंडणगड तळाला जाईल आणि राजापूर माथ्यावर, जिल्हा उलटा टांगल्यासारखा. खणाने तालुका सांगितला की रंगाने तो पुन्हा सांगायला नको. रंग वर्षाला द्यावा किंवा भाताच्या जातीला.

किनाऱ्याचे तालुके एका रंगात आणि घाटालगतचे दुसऱ्या रंगात, असाही विचार करता येतो. दापोली, गुहागर किनाऱ्याचे, संगमेश्वर, लांजा घाटाचे. पण राजापूर? त्याच्या एका अंगाला समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला अणुस्कुऱ्याचा घाट. त्याचा रंग संगणक ठरवू शकत नाही. तो तालुका ज्याने पाहिला आहे त्यानेच तो ठरवायचा, आणि का ठरवला ते आलेखाखाली एका ओळीत लिहायचे.

नावे देवनागरीत छापायची असतील तर आणखी एक काळजी. 'आर'चे जुने पीडीएफ साधन देवनागरी नीट उमटवत नाही. 'कैरो'वर चालणारे साधन वापरले तर जोडाक्षरे बरोबर येतात. मराठीत लिहिलेल्या अहवालात आलेखही मराठीत असावा, आणि ते आज सहज शक्य आहे.

आलेख काढणाऱ्याने शेवटी एक मोजणी करावी. माहितीत किती ओळी आहेत ते पाहावे आणि सगळ्या खणांतले ठिपके मिळून तेवढे भरतात का ते तपासावे. सहा वर्षे, नऊ तालुके: चोपन्न ठिपके. छत्तीसच असतील तर अठरा कुठे गेले हे विचारायला हवे. त्या अठरांत सहा राजापूरचे आहेत, आणि राजापुरातही त्या सहाही वर्षी पाऊस पडला होता, भात पिकला होता.